गाळप, उतारा आणि प्रोसेसर

२८ सप्टेंबर २०१८ रोजी इंटेल कंपनीने आपल्या ग्राहकांना आणि भागीदारांना उद्देशून एक खुले पत्र प्रसिद्ध केले. बॉब स्वान हे कंपनीचे वित्तप्रमुख त्या वेळी हंगामी मुख्याधिकारीही होते. पत्रावर सही त्यांचीच होती. पत्राचा मथितार्थ असा : संगणकांना अपेक्षेपेक्षा जास्त मागणी आली आहे, आमचा पुरवठा अपुरा पडतो आहे आणि ही चणचण सर्वांत जास्त आहे ती स्वस्त संगणकांच्या प्रोसेसरमध्ये. हाती जेवढी क्षमता आहे तेवढ्यातून आम्ही आधी सर्व्हरसाठीचे झिऑन आणि वरच्या श्रेणीचे कोअर प्रोसेसर बनवू. शिवाय ऑरेगन, ॲरिझोना, आयर्लंड आणि इस्रायल इथल्या १४ नॅनोमीटरच्या कारखान्यांत १ अब्ज डॉलर जास्तीचे घालू.

यानंतर चौदा महिने गेले. २० नोव्हेंबर २०१९ रोजी विक्री विभागाच्या प्रमुख मिशेल जॉन्स्टन होल्थाउस यांनी ग्राहकांना दुसरे पत्र लिहिले. या पत्रात चक्क क्षमायाचना होती. वर्षभरात १४ नॅनोमीटरची क्षमता वाढवली, तरीही मागणी गाठता आलेली नाही, असा त्याचा आशय होता.

ही दोन पत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली की दोन प्रश्न पडतात. पहिला : पैसा आहे, पन्नास वर्षांचा अनुभव आहे, दारात गिऱ्हाईक उभे आहे, तरी जगातली एवढी मोठी चिप कंपनी दोन दोन वर्षे पुरेसा माल का बनवू शकली नाही? दुसरा प्रश्न ताळेबंद पाहिल्यावर पडतो. २०१८ मध्ये इंटेलचा महसूल ७०.८ अब्ज डॉलर होता आणि २०१९ मध्ये ७२ अब्ज. दोन्ही वर्षांत कंपनीने आपला आधीचा उच्चांक मोडला. टंचाई होती आणि विक्रीचे विक्रमही होत होते. मग त्या टंचाईची किंमत मोजली कोणी?

मी अभियंता नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात मी २७ वर्षे काढली. चिपचे जे काही शिकलो ते कंपन्यांचे वार्षिक अहवाल, यंत्रांची माहितीपत्रके आणि जुनी तांत्रिक पुस्तके वाचून, डोक्यावरून गेलेले पुन्हा पुन्हा वाचून. पण या वाचनात मला साखर कारखान्याची फार मदत झाली. गाळप क्षमता, उतारा, नोंदीचा ऊस, घसारा हे चार शब्द ज्याला कळतात त्याला प्रोसेसरचा बाजार निम्मा कळतो. उरलेला निम्मा जिथे वेगळा आहे, ते पुढे येईलच.

क्षमता कशात मोजतात

साखर कारखान्याची क्षमता रोजी किती टन ऊस गाळला जातो यावर ठरते. किती पोती साखर निघाली यावर नाही. चिपच्या कारखान्याचेही तसेच आहे. तिथे क्षमता मोजतात ती महिन्याला किती वेफर आत घेता येतात यावर. वेफर म्हणजे शुद्ध सिलिकॉनची आरशासारखी गुळगुळीत चकती. आजच्या मोठ्या कारखान्यांत तिचा व्यास ३०० मिलिमीटर असतो, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. या चकतीवर प्रकाशाने नक्षी छापायची, कोरायची, थर चढवायचा, घासायचा, पुन्हा छापायचे. अशा शेकडो पायऱ्या होतात. आधुनिक प्रक्रियेत त्या हजारावर जातात. आज आत गेलेली चकती बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून आज मागणी वाढली आणि कारखान्यात जागा मोकळी असली, तरीही माल तिमाहीनंतरच हाती येतो. जागा मोकळी नसेल, तर गोष्ट वर्षांवर जाते.

एका चकतीतून किती चिप निघतील हे चिपच्या क्षेत्रफळावर ठरते. चकती गोल आणि चिप चौकोनी, त्यामुळे कडेचे तुकडे वाया जातात. यासाठी एक साधे सूत्र वापरतात. त्याने हिशेब केला तर १०० चौरस मिलिमीटरच्या चिप एका चकतीवर सुमारे ६४० बसतात. ८०० चौरस मिलिमीटरची चिप घेतली तर जेमतेम ६५. चिप आठपट मोठी झाली तर नग दसपटीने घटतात, ते या कडेच्या नासाडीमुळे.

आता उतारा. आमच्या भागात शंभर किलो उसातून ११-१२ किलो साखर निघते, याला उतारा म्हणतात. चिपमध्ये उतारा म्हणजे छापलेल्या नगांपैकी चालणारे नग किती. धुळीचा एखादा कण किंवा थरातला एखादा दोष नगाचा नाश करतो. समजा, दर १० चौरस सेंटिमीटरला सरासरी एक दोष आहे. मग १ चौरस सेंटिमीटरच्या चिपपैकी सुमारे ९० टक्के चांगल्या निघतात. ८ चौरस सेंटिमीटरच्या चिपपैकी केवळ ४५ टक्के. म्हणजे वरच्या ६४० पैकी सुमारे ५८० हाती येतात आणि ६५ पैकी अवघ्या २९. दोषांचे प्रमाण तेच, कारखाना तोच, कामगार तेच; फरक फक्त तुकड्याच्या आकाराचा.

इथे साखरेपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. सदोष चिप सरसकट फेकून देत नाहीत. सहापैकी दोन गाभे बिघडले असतील तर ते बंद करून चार गाभ्यांचा स्वस्त प्रोसेसर म्हणून विकता येतो. दुकानात एकाच नावाच्या मालिकेत दहा-बारा मॉडेल दिसतात, त्यांतली बरीचशी एकाच छपाईतून निवडून काढलेली असतात. आंब्याच्या पेटीची प्रतवारी करतात तशीच ही प्रतवारी. पण उतारा चांगला असला की असा कमअस्सल माल कमी निघतो. मग स्वस्त नग बनवायचे तर चांगला तुकडाच स्वस्तात द्यावा लागतो. जागेची टंचाई असताना असे कोण करील?

चौदा नॅनोमीटरची कोंडी

आता इंटेलकडे वळू. १४ नॅनोमीटर हे तिच्या एका उत्पादन प्रक्रियेचे नाव. हे आकडे कधीकाळी खरे माप होते, आता ती केवळ पिढीची नावे आहेत. या प्रक्रियेचे प्रोसेसर २०१४ मध्ये बाजारात आले. पुढची १० नॅनोमीटरची पिढी २०१६ च्या सुमारास यायची होती. मोठ्या प्रमाणावर ती आली २०१९ मध्ये.

उशिराचे कारण महत्त्वाकांक्षेत होते. नव्या पिढीत एकाच फटक्यात ट्रान्झिस्टरची घनता २.७ पट करायची असे इंटेलने ठरवले होते. अतिनील किरणांच्या टोकाच्या पट्ट्यात काम करणारी नवी छपाई यंत्रे त्या वेळी तयार नव्हती. जुन्याच प्रकाशाने एकेक थर अनेक वेळा छापून बारीक रेषा काढायच्या होत्या, शिवाय काही तारांत तांब्याऐवजी कोबाल्ट वापरायचा होता. प्रत्येक वाढीव छपाईबरोबर रेषा सरकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे उतारा पडला तो वर होईना.

नवी पिढी अडली की जुन्या पिढीचे कारखाने मोकळे होत नाहीत. ज्या मालाने १० नॅनोमीटरवर जायचे होते तो सगळा १४ वरच राहिला. त्याच सुमारास इंटेलचे फोनमधले मोडेम आणि संगणकाच्या मुख्य पाटीवरचे साहाय्यक चिपसंच १४ वर येऊन बसले होते. २०१८ मध्ये मेघसेवा चालवणाऱ्या कंपन्यांनी सर्व्हरची मागणी वाढवली. एका गव्हाणीत चार वाड्यांचा ऊस येऊन पडावा, तशी अवस्था झाली.

यात आणखी एक गोष्ट घडली. टंचाईच्या चर्चेत ती फारशी येत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मार्च २०१७ मध्ये एएमडीने रायझन हा आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणला. तोवर इंटेल घरगुती संगणकाच्या मुख्य श्रेणीत वर्षानुवर्षे चारच गाभे देत होती. स्पर्धा आली तशी इंटेलने ऑक्टोबर २०१७ मध्ये सहा आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ गाभे दिले. प्रक्रिया तीच असल्याने गाभे वाढले तशी चिप मोठी झाली. चार गाभ्यांची चिप साधारण १२५ चौरस मिलिमीटरची होती, सहाची १५० आणि आठची १७५. मघाचे सूत्र लावले तर एका चकतीतून चार गाभ्यांच्या सुमारे ५०६ चिप निघतात, सहाच्या ४१७ आणि आठच्या ३५४. म्हणजे एकही यंत्र बंद न पडता, एकही चकती कमी न होता, नगांची संख्या ३० टक्क्यांनी घटली. ग्राहकाला स्पर्धेचा फायदा झाला हे खरेच. पण त्याच फायद्याने टंचाईला हातभार लावला.

मग कारखाना का वाढवला नाही? ॲरिझोनात चँडलरला इंटेलची फॅब ४२ नावाची इमारत २०१३ मध्ये बांधून झाली होती. २०१२ च्या जानेवारीत अध्यक्ष ओबामा तिथे भाषणही करून आले होते. पण संगणकांची मागणी मंदावली म्हणून २०१४ च्या जानेवारीत कंपनीने ती न सजवता तशीच ठेवायचे ठरवले. २०१७ मध्ये तिच्यावर ७ अब्ज डॉलर खर्चायची घोषणा झाली आणि उत्पादन सुरू झाले २०२० मध्ये. टंचाईची सबंध दोन वर्षे ही वास्तू जागेवर होती. चिपच्या कारखान्यात भिंती म्हणजे क्षमता नव्हे. क्षमता आत बसणाऱ्या यंत्रांची, आणि ती यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. आजची सर्वांत प्रगत छपाई यंत्रे तर नेदरलँड्समधल्या फेल्डहोफन गावची एएसएमएल ही एकटीच कंपनी बनवते. तिचे एक यंत्र सुमारे १८० टनांचे असते, किंमत १५ कोटी डॉलरच्या वर, आणि त्यातला प्रकाश मिळवायला वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेसरचा मारा करावा लागतो. असे यंत्र आज मागितले आणि उद्या आले, असे होत नाही.

किंमतपत्रक आणि बाजार

टंचाईत भाव वाढतो, हे आपल्याला कांद्याने शिकवले आहे. प्रोसेसरचे तसे झाले नाही, निदान कागदावर नाही. इंटेलच्या अधिकृत किंमतपत्रकात त्या काळात मोठी वाढ दिसत नाही. वाढ झाली ती तीन वेगळ्या वाटांनी.

पहिली वाट किरकोळ बाजाराची. २०१८ च्या शरदात लोकप्रिय प्रोसेसर दुकानांत किंमतपत्रकापेक्षा बरेच चढ्या भावाने विकले गेले. हा वाढीव पैसा बहुतांशी मधल्या साखळीत राहिला.

दुसरी वाट मालातच होती. जानेवारी २०१९ मध्ये इंटेलने ज्यांच्या नावाअखेर एफ हे अक्षर आहे असे प्रोसेसर आणले. यांतला चित्र दाखवणारा भाग बंद केलेला असे, म्हणजे पडद्यासाठी वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे. कोअर आय५ ९४०० ची किंमत १८२ डॉलर होती आणि ग्राफिक्स नसलेल्या ९४००एफचीही १८२ डॉलरच. ज्या चिपमधला तो भाग सदोष निघतो तीसुद्धा आता पूर्ण दराने विकता येत होती. किंमत तीच, माल कमी. बिस्किटाच्या पुड्याचे वजन घटवण्यातला हाच प्रकार आहे.

तिसरी वाट सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत कमी दिसणारी. स्वस्त माल बनवणेच मागे पडले. चकती एकच, तिच्यावर हजारो डॉलरचा सर्व्हर प्रोसेसरही छापता येतो आणि पन्नास डॉलरचा सेलेरॉनही. जागा मुबलक असते तेव्हा दोन्ही छापणे परवडते, कारण रिकामे यंत्र काहीच देत नाही. जागा अपुरी पडली की प्रत्येक स्वस्त नग एका महाग नगाची जागा अडवतो. अशा वेळी कंपनीने काय करावे हे सांगायला दुष्ट हेतूची गरज नाही. हिशेब खात्यातला कोणीही माणूस तेच सांगेल. महसुलाचा विक्रम आणि टंचाई एकत्र कशी नांदली, याचे उत्तर इथे आहे.

२०१९ मध्ये आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी देणगीच्या रकमेतून आठ साधे संगणक घ्यायचे ठरले होते. पुरवठादाराने दोन महिन्यांनी कळवले की दिलेल्या दरातले मॉडेल येत नाही, त्यावरचे येईल. रक्कम वाढणार नव्हती, म्हणून पाच घेतले. स्पर्धा परीक्षेची मुले तासाच्या पाळ्या लावून बसू लागली. महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात हे तीन संगणक दिसणार नाहीत, कारण त्यांचा भाव वाढलाच नाही. ते बाजारातून नाहीसे झाले. टंचाईची किंमत कोणी मोजली या प्रश्नाचे उत्तर मी इथे शोधतो : रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्यांनी, आणि तीही पैशात नव्हे.

दुसऱ्याचा कारखाना

इंटेल अडचणीत होती तर एएमडीने सगळा बाजार का खाल्ला नाही? याचे उत्तर समजायला फाउंड्री हा शब्द समजावा लागतो. कोल्हापूरकरांना तो नवा नाही. गिऱ्हाइकाने साचा द्यायचा, फाउंड्रीने ओतकाम करून द्यायचे. वस्तू गिऱ्हाइकाची, भट्टी फाउंड्रीची. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये तैवानमधल्या सिंचू इथे टीएसएमसी काढली ती याच तत्त्वावर. आपण स्वतःच्या नावाने एकही चिप विकायची नाही, फक्त इतरांच्या बनवून द्यायच्या. तैवान सरकार आणि फिलिप्स कंपनी यांचे भांडवल त्यात होते.

एएमडीचे स्वतःचे कारखाने २००९ मध्ये वेगळे होऊन अबुधाबीच्या भांडवलावर ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी उभी राहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा विकास थांबवला. खर्च झेपण्यासारखा नव्हता. एएमडी तैवानकडे वळली आणि २०१९ च्या जुलैत तिचे ७ नॅनोमीटरचे प्रोसेसर आले. तिने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. एक मोठी चिप करण्याऐवजी ७४ चौरस मिलिमीटरचे छोटे तुकडे महागड्या नव्या प्रक्रियेवर छापले, आणि ज्यांना बारीक रेषांची गरज नव्हती ते भाग जुन्या प्रक्रियेवर ग्लोबलफाउंड्रीजकडून करून घेतले. छोट्या तुकड्याचा उतारा चांगला असतो, हे आपण पाहिलेच. २०१८ मध्ये साडेसहा अब्ज डॉलर असलेला एएमडीचा महसूल २०२१ मध्ये १६.४ अब्जांवर गेला.

पण दुसऱ्याच्या भट्टीवर काम करणाऱ्याला भट्टीची रांग चुकत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एएमडीचे नवे रायझन बाजारात आले. त्याच महिन्यात सोनीचे प्लेस्टेशन ५ आणि मायक्रोसॉफ्टचे नवे एक्सबॉक्स आले. दोन्हींतल्या चिप एएमडीच्या, आणि हे सगळे टीएसएमसीच्या ७ नॅनोमीटरवर. प्लेस्टेशनची चिप सुमारे ३०० चौरस मिलिमीटरची, रायझनचा तुकडा सुमारे ८० चा. एका खेळयंत्राच्या जागेत जवळजवळ चार प्रोसेसर बसले असते. पण खेळयंत्रांचे करार आधी झालेले होते. साखर कारखान्यात नोंदीचा ऊस आधी तुटतो, बिगरनोंदीचा उभा राहतो. इथेही तेच. ज्याने वर्षभर आधी जागा राखली, आगाऊ रक्कम भरली, त्याची चकती आधी. त्या दिवाळीत रायझनही मिळत नव्हता आणि प्लेस्टेशनही.

दुष्काळ आणि महापूर

यानंतरची टंचाई सर्वांच्या लक्षात आहे. २०२० च्या वसंतात मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या. घरून काम आणि घरून शाळा सुरू झाली, आणि मोकळी झालेली जागा लॅपटॉप, कॅमेरे, राउटर यांनी घेतली. शरदात मोटारींची मागणी परतली तेव्हा रांगेतली त्यांची जागा गेलेली होती. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये हिमवादळाने वीज गेली आणि ऑस्टिनमधले कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. तैवानमध्ये पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा दुष्काळ पडला आणि टीएसएमसीला टँकरने पाणी आणावे लागले. अलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ७७ लाख मोटारी कमी बनल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीचे उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास येईल असे कंपनीनेच जाहीर केले. चाकणला बनणाऱ्या एक्सयूव्ही७०० च्या काही प्रकारांसाठी लोकांनी वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली. जिओफोन नेक्स्ट गणेश चतुर्थीला यायचा तो दिवाळीवर गेला.

मोटारीत लागतात त्या चिप बहुधा जुन्या प्रक्रियेच्या, स्वस्त. मग त्या वाढवणे सोपे असायला हवे, असे वाटेल. उलट आहे. ज्या चिपचा दर इतका कमी की नव्या यंत्रांचा घसारा त्यातून निघत नाही, तिच्यासाठी नवा कारखाना कोणी काढत नाही. ती जुन्या, घसारा फिटलेल्या यंत्रांवरच परवडते, आणि जुनी यंत्रे नव्याने पैदा होत नाहीत.

टंचाईत सगळे घाबरतात. शंभर हवे असतील तर दीडशे मागतात, दोन ठिकाणी नोंदवतात. ही फुगलेली मागणी खरी मानून कारखान्यांच्या घोषणा होतात. टीएसएमसीने एप्रिल २०२१ मध्ये तीन वर्षांत १०० अब्ज डॉलर गुंतवायचे जाहीर केले. पण तिच्याच ॲरिझोनातल्या कारखान्याची घोषणा मे २०२० ची आणि उत्पादन २०२४ च्या अखेरचे. चार-साडेचार वर्षांत मागणी कुठल्या कुठे गेलेली असते. २०२१ मध्ये जगात सुमारे ३४-३५ कोटी संगणक गेले होते. २०२२ मध्ये हा आकडा २९ कोटींच्या आसपास उतरला. गोदामे भरली. २०२३ च्या पहिल्या तिमाहीत इंटेलला २.८ अब्ज डॉलर तोटा झाला, तिच्या इतिहासात तोवरचा सर्वांत मोठा तिमाही तोटा. त्याच वर्षी सॅमसंगने मेमरीचे उत्पादन घटवले.

उसाचे पीक यायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून यंदाचा भाव पाहून लावलेला ऊस पुढच्या पडत्या भावात तुटतो. चिपच्या कारखान्याला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. फेरा तोच, फक्त लांब.

नवे मोठे गिऱ्हाईक

२०२३ पासून रांगेच्या तोंडाशी नवे गिऱ्हाईक उभे आहे : कृत्रिम बुद्धिमत्ता. एनव्हिडियाची एच१०० ही चिप ८१४ चौरस मिलिमीटरची, म्हणजे एका चकतीवर साठ-बासष्टच. तरीही २०२३ मध्ये ती मिळेना तेव्हा अडचण छपाईत नव्हती. प्रोसेसर आणि वेगवान मेमरी एकाच पाटावर जोडणारी एक खास बांधणी लागते, तिची क्षमता अपुरी होती. टीएसएमसीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क लिऊ यांनीच सप्टेंबर २०२३ मध्ये तसे सांगितले. साखळीतली सर्वांत अरुंद जागा कोणती, हे दर वेळी नव्याने शोधावे लागते. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निहामा इथे सुमितोमोच्या रसायन कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या वेष्टनात लागणाऱ्या राळेचा जगातला निम्म्याहून जास्त पुरवठा तिथून होई. एकाही चिप कारखान्याला धक्का लागलेला नसताना मेमरीचे भाव भडकले होते.

आजही मेमरीचीच पाळी आहे. संगणकाची मेमरी जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपना लागणारी थरावर थर रचलेली मेमरी, साठवणीच्या प्रमाणात पाहिले तर, साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट चकत्या खाते. म्हणजे तिकडे एक भाग वाढवला की इकडचे तीन भाग जातात. यंदा साध्या मेमरीचे भाव चढले आहेत त्याचे मोठे कारण हे आहे. २०१८ च्या सप्टेंबरातले पत्र आज कोणी लिहिलेले नाही, पण निर्णय तोच आहे.

आपला कारखाना

आपल्या देशाला हा विषय नवा नाही. मोहालीत सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने १९८० च्या दशकात चिप बनवल्या. ७ फेब्रुवारी १९८९ रोजी आगीत तो कारखाना जळाला. तिथेच पुढे पुन्हा उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेत, १८० नॅनोमीटरवर, अवकाशयानांसाठीचा विक्रम हा प्रोसेसर बनला. २०२५ च्या सप्टेंबरात तो दिल्लीत दाखवला गेला. महाराष्ट्रात तळेगावचे नाव २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्पावरून गाजले. प्रकल्प गुजरातेत गेला, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. त्या दिवसांतले वाद मी वाचले आहेत. किती लाख कोटी आणि किती नोकऱ्या यावर रकाने भरले होते. महिन्याला किती चकत्या, कोणत्या प्रक्रियेच्या आणि कोणाच्या नोंदीच्या, हे विचारलेले क्वचितच आढळले.

धोलेराच्या कारखान्याबाबत हे आकडे तरी उपलब्ध आहेत. टाटा आणि तैवानची पीएसएमसी यांच्या या प्रकल्पाला २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्राची मंजुरी मिळाली. खर्च ९१,००० कोटी रुपये, क्षमता महिन्याला ५०,००० चकत्या, प्रक्रिया २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुन्या. यातून लॅपटॉपचा प्रोसेसर निघणार नाही. वीज नियंत्रण, पडद्याचे नियंत्रण, मोटारीतले छोटे नियंत्रक अशा चिप निघतील, आणि २०२१ मध्ये चाकणच्या गाड्या अडल्या होत्या त्या अशाच चिपसाठी. २५ चौरस मिलिमीटरची चिप धरली तर एका चकतीत सुमारे २,७०० बसतात. वर्षाला ६ लाख चकत्या पूर्ण क्षमतेने गेल्या तर छापलेल्या नगांची संख्या दीडशे कोटींच्या वर जाते.

पण पूर्ण क्षमतेने हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. टीएसएमसीसारख्या कंपन्या यंत्रांचा घसारा साधारण पाच वर्षांत काढतात. ढोबळ हिशेबासाठी सगळे ९१,००० कोटी पाच वर्षांत वाटले तर वर्षाला १८,२०० कोटी होतात. पूर्ण ६ लाख चकत्या निघाल्या तर एका चकतीवर ३ लाख रुपये पडतात. निम्म्याच निघाल्या तर ६ लाख. केंद्र सरकार निम्मा खर्च उचलते ते याच कारणाने. वीज, पाणी, रसायने, पगार अजून धरलेलेच नाहीत. साखर कारखाना अर्धा चालला तर तोटा होतो; चिपचा कारखाना अर्धा चालला तर त्याचा माल कोणी विकतच घेणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या कारखान्याची घोषणा वाचाल तेव्हा गुंतवणुकीच्या आकड्यावर थांबू नका. महिन्याला चकत्या किती, प्रक्रिया कोणती, पहिल्या पाच वर्षांसाठी नोंद कोणी केली आहे, हे पाहा. आणि सरकारी पैसा निम्मा असेल, तर आणखी एक प्रश्न नागरिक म्हणून आपला आहे : टंचाई आली तर या कारखान्यातून कोणता माल आधी निघेल? मोहिमेसाठी किंवा मोठ्या मोटार कंपनीसाठी जागा राखण्याची कलमे करारात घालता येतात. शाळेच्या संगणकात, वीजमीटरमध्ये, शेतीपंपाच्या नियंत्रकात लागणाऱ्या स्वस्त चिपसाठीही ती घालता येतील. जागा मुबलक असेपर्यंत अशा कलमाची कोणाला आठवण होत नाही, आणि टंचाई आल्यावर ते घालायला उशीर झालेला असतो.